आईच्या नावाची पाटी नको, ती खोली उघडा

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तसेच पुनर्विकास समिती आणि सर्व सभासद,
आपली सोसायटी, वाशी, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

जूनच्या शेवटच्या रविवारी आपल्या विशेष सर्वसाधारण सभेत दोन ठराव मंजूर झाले. पहिला असा, की पुनर्विकासानंतर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या मुख्य प्रवेशद्वाराला माझ्या आईचं नाव द्यायचं आणि तिथे संगमरवरी पाटी बसवायची. दुसरा असा, की तळमजल्यावरची, मीटर रूमशेजारची खोली लगेच रिकामी करून बंद करायची आणि नव्या नकाशात ती धरायची नाही. मी तेव्हा पुण्याला मुलीकडे होते. पहिला ठराव मला त्याच संध्याकाळी फोन करून कळवलात. टाळ्या वाजल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगितलंत. दुसऱ्या ठरावाबद्दल कोणी बोललं नाही. तो मला कळला चार दिवसांनी, परत आल्यावर, खोलीच्या दाराला लागलेलं नवं कुलूप बघून. आईची किल्ली त्याला लागली नाही.

त्यानंतर मी समितीला दोन पत्रं दिली. एकाची पोच मिळाली, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नवी मुंबईत जुन्या चार मजली इमारती पाडून मोठे टॉवर उभे राहतायत. आपल्याकडे जे झालं ते इतर सोसायट्यांतही होत असणार, त्यामुळे तिथल्या लोकांनीही हे वाचावं.

आधी आईबद्दल सांगते, कारण समितीतल्या निम्म्या जणांनी तिला काठी टेकत जिना उतरणारी आजी म्हणूनच पाहिलं आहे.

तिचा जन्म १९३७चा, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला. जुन्या फायनलपर्यंत शिकली, म्हणजे सातवी. पुढे शिकायची फार इच्छा होती, पण गावात शाळा तेवढीच. लग्न होऊन परळच्या चाळीत आली. आम्ही तिघं भावंडं तिथेच जन्मलो. धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा पडलेला होता. पोलिओ. साल १९६६. हाजी अलीच्या सरकारी संस्थेत त्याला कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, बसवला. तो नेहमी लहान व्हायचा, नाहीतर घासून जखम व्हायची, मग आई त्याला पुन्हा कडेवर घेऊन बसने न्यायची. चौथीपर्यंत तिने त्याला शाळेतही कडेवरच नेलं. तो नऊ वर्षांचा, ती जेमतेम पाच फूट उंच. शेजारणी म्हणायच्या, घरीच ठेव त्याला. तिने ठेवलं नाही. तो आज सनदी लेखापालाच्या कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस आहे.

१९७९ साली आम्ही वाशीला आलो, कारण वडिलांची कंपनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात होती. नातेवाईक म्हणाले, जंगलात कशाला जाता? खाडीवर पूल होता, रेल्वे नव्हती. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली ती १९९२च्या मे महिन्यात. तोवरची तेरा वर्षं आम्ही बसच्या रांगांमध्ये काढली. चाळीत दिवसभर उघड्या असणाऱ्या दारांतून आई इथल्या बंद दारांमध्ये आली आणि तिला या बंद दारांची सवय शेवटपर्यंत झाली नाही. आमचं लाकडी दार सकाळी सात ते रात्री नऊ उघडंच असायचं, फक्त जाळीचं दार ओढून घ्यायची. तुमच्यातले दोघे-तिघे शाळेतून आल्यावर घराची किल्ली विसरली म्हणून याच दारातून आत येऊन आमच्याकडे वरण-भात जेवलेले आहेत. त्यांना हे आठवत असेल.

आता त्या खोलीबद्दल. १९८८चा पावसाळा होता. आई भाजी घेऊन येत असताना तिला जिन्याच्या वळणावर एक बाई डबा खाताना दिसली. ती आपल्या इमारतीत चार घरची धुणी-भांडी करायची. आईला बघून तिने डबा झाकला आणि उठून भिंतीला लागून उभी राहिली, जणू काही चोरीच केली होती. आई तिला घरी घेऊन आली. तेव्हा कळलं की सकाळी सातला आलेल्या या बायका दुपारी एकला सकाळची कामं संपवतात, संध्याकाळच्या भांड्यांना चारला परत यायचं असतं, आणि मधल्या वेळात तुर्भ्याला घरी जाऊन येणं परवडत नाही. मग बाहेर पाऊस असला की जिना, ऊन असलं की झाडाखाली. पाणी नाही. शौचालयाचं तर विचारूच नका. ज्यांच्या घरची संडास-बाथरूम त्या रोज घासतात, त्यांच्यापैकी किती जण त्यांना ते वापरू देतात, हे आपलं आपल्याला माहीत आहे.

तेव्हाच्या समितीने आईला लेखी परवानगी दिली. मीटर रूमशेजारची ती खोली तेव्हा अडगळीची होती, रंगाचे रिकामे डबे आणि पाइपचे तुकडे पडलेले. आई आणि चार बायकांनी ती दोन दिवसांत साफ केली. सतरंजी, माठ, एक पंखा. शेजारी वॉचमनचं शौचालय होतं, त्याला आतून कडी लावून घेतली. वेळ ठरली दुपारी एक ते चार. एवढंच सुरुवातीला होतं: बसायला जागा.

शिकवणं नंतर आलं, आणि तेही बायकांनीच काढलं. आई पोथी वाचत बसायची तेव्हा एकीने विचारलं, आज्जी, यात माझं नाव कुठं येतं का? नाव लिहायला शिकण्यापासून सुरुवात झाली. मग स्टेशनांच्या पाट्या. लोकल सुरू झाल्यावर एक जण बोटांवर स्टेशनं मोजून उतरायची, गाडी मध्ये सिग्नलला थांबली की तिचा हिशोब चुकायचा. तिने ‘सानपाडा’ हा शब्द वाचला तो दिवस आईने वहीत तारीख घालून लिहून ठेवला होता.

आणि खाडे. घरकामातला हा शब्द आपल्या सर्वांना पाठ आहे. महिनाअखेरीला पगार देताना ‘तुझे तीन खाडे झाले’ असं आपण सांगायचं आणि तिने ऐकून घ्यायचं, अशीच पद्धत होती. आईने प्रत्येकीला चाळीस पानी वही दिली. आपला खाडा आपणच लिहायचा, तारखेसकट. ज्या दिवशी मालकीण गावाला गेली म्हणून काम झालं नाही तो दिवस वेगळ्या रंगाने, कारण तो खाडा तिचा नाही. पहिल्या महिन्यात तीन घरांमध्ये यावरून वाद झाला. एका काकूंनी आईला येऊन सांगितलं की तुम्ही बायकांना फितवताय. आई म्हणाली, मी बेरीज-वजाबाकी शिकवते. पुढे त्याच काकूंच्या आजारपणात त्याच बाईने त्यांचं सगळं केलं आणि त्याचा पगारही वहीत लिहून घेतला, हे मी पाहिलं आहे.

रविवारी ती खोली पल्स पोलिओचं केंद्र व्हायची. डोस पाजणाऱ्या सेविकांचा डबा आमच्या घरून जायचा. आई दाराशी बसून यायची राहिलेली मुलं शोधायची. वॉचमनची, इस्त्रीवाल्याची, समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची. ती ओरडायची नाही, रागवायची नाही, फक्त आपल्या धाकट्याला पुढे बोलवायची आणि म्हणायची, याचा पाय बघ. २०११च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. त्या संध्याकाळी तिने खोलीत आलेल्या प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवली. भावाला फोन लावला आणि काहीच बोलली नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, मुंबईत अडकलेली माणसं पुलावरून चालत वाशीला येत होती. आपल्या इमारतीतले पुरुषही त्यात होते. घरकामाच्या बायकांना तुर्भ्याला जाता येईना. त्या रात्री त्या खोलीत एकोणीस बायका-मुलं झोपली आणि त्याच बायकांनी आमच्या ओट्यावर रात्री दोनपर्यंत पिठलं-भात करून चालून येणाऱ्यांना वाढला. आई तेव्हा ६८ वर्षांची होती. आपल्यापैकी ज्यांनी त्या रात्री तो पिठलं-भात खाल्ला, त्यांनी आज ‘बाहेरच्या बायका’ हा शब्द वापरताना थोडं थांबावं, एवढंच म्हणते.

२००८मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणीसाठी काम करत असल्याचं मालकाचं प्रमाणपत्र लागायचं. आई अर्ज घेऊन घरोघरी फिरली. बऱ्याच जणांनी सही दिली नाही. उद्या हिने बोनस मागितला तर, कोर्टात गेली तर, अशी भीती. मी कोणाला दोष देत नाही, आमच्या घरातही वडिलांनी पहिल्यांदा ‘कशाला’ असं विचारलंच होतं. पण आई सही मिळेपर्यंत जायची, पाचव्या-सहाव्या खेपेलाही. त्या नोंदणीमुळे ५५ वर्षं पूर्ण झालेल्या काही जणींना पुढे दहा हजार रुपयांचं सन्मानधन मिळालं, आणि २०२१मध्ये कोविडच्या निर्बंधांत सरकारने नोंदीत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये दिले तेही मिळाले. रक्कम लहान वाटते. त्या महिन्यात ती लहान नव्हती.

२०२०च्या टाळेबंदीत खोली बंद ठेवावी लागली. ते बरोबरच होतं. आई ८३ वर्षांची, घराबाहेर पाऊल नाही. ती फोन घेऊन बसायची. वही समोर, चष्मा नाकावर, आणि एकेका घरी विचारायची: बाई येत नाहीये ते कळतंय, पण पगार पोचवलात का? तुमच्यापैकी अनेकांना हा फोन आलेला आहे. काहींना राग आला होता. बहुतेकांनी पैसे पाठवले.

२०२५च्या जानेवारीत, पहाटे, ती गेली. ८८वं वर्ष चालू होतं. नेत्रदानाचा अर्ज तिने त्याच खोलीत भरला होता आणि इतरांनाही भरायला लावला होता. काय करायचं ते तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की मला विचार करावा लागला नाही. मी उठून आधी पंखा बंद केला. डोळे मिटले, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली दुसरी उशी सरकवली आणि नेत्रपेढीला फोन लावला. सहा तासांच्या आत व्हावं लागतं, ते दोन तासांत आले. पंखा बंद झाल्यावर खोलीत जी शांतता झाली ती मी अजून विसरलेले नाही.

स्मशानात पस्तीस-चाळीस बायका आल्या होत्या. त्यांनी त्या दिवशीचा खाडा लावून घेतला होता.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत आधी, खोली बंद करण्याचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली घेतला गेला, आणि तोही माझ्या आईच्या नावाच्या ठरावानंतर लगेच, सगळे भारावलेले असताना. मी उपस्थित असलेल्या सात सभासदांशी बोलले. त्यांतल्या पाच जणांना आपण खोली बंद करायला हात वर केला हेच लक्षात नव्हतं. त्यांना वाटलं, पाटीचाच ठराव पुढे चालू आहे. छत्तीस वर्षं चाललेली गोष्ट आयत्या वेळी बंद करता येत नाही.

दुसरी तक्रार मला लिहिताना जड जाते. खोली रिकामी केली तेव्हा गोदरेजचं कपाट उघडून त्यातलं सगळं रद्दीवाल्याला दिलं गेलं. पुस्तकं होती, ती परत मिळवता येतील. पण त्यात आईच्या नऊ वह्या होत्या. प्रत्येक बाईचं नाव, गाव, मुलांच्या शाळा, रेशनकार्डाचा आणि नोंदणीचा क्रमांक, कोणाचं नूतनीकरण कधी, कोणाची मुलगी दहावीला. बऱ्याच जणींचा हा एकमेव नीट लिहिलेला कागद होता. मी रद्दीवाल्याकडे गेले, तो म्हणाला गठ्ठा त्याच दिवशी पुढे गेला. त्यातली एक वही मला आमच्याच इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यामागे मिळाली, भिजलेली, २०१३-१४ची. बाकी आठ कुठे आहेत? कुलूप लावायच्या आधी आमच्या दाराची बेल वाजवून कपाटातलं काय ठेवायचं एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिसरी, दारावरचा कागद. ‘बाहेरील व्यक्तींना प्रवेश निषिद्ध.’ सुरक्षेचं कारण दिलं गेलंय. या बायका गेटवर नोंद करून, फोनवर आपली परवानगी आली की मगच आत येतात. त्यातल्या निम्म्या जणींकडे आपल्या घरांच्या किल्ल्या आहेत. आपण कामावर गेलो की त्या कुलूप उघडून आपल्या आजारी आईवडिलांना जेवू घालतात. घरात चालतात आणि मीटर रूमशेजारी चालत नाहीत, याला सुरक्षा म्हणता येणार नाही.

आणि बाहेरचं म्हणजे कोण, याचाही एकदा विचार व्हावा. १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली. आपल्या इमारतीत कामाला येणाऱ्या पहिल्या बायकांपैकी दोघी याच खाडीकाठच्या गावांतल्या होत्या. आई त्यांना बसायला खुर्ची द्यायची आणि आम्हाला सांगायची, पाहुणे आपण आहोत. नंतर आलेल्या मराठवाड्यातून, विदर्भातून, आणि आमच्या साताऱ्यातूनही आल्या. पोटासाठी, जसे आपण आलो.

विजेबद्दल एका सदस्यांनी म्हटलं की सोसायटीच्या खर्चाने हे चालतं. तसं नाही. १९९४पासून आई त्या खोलीच्या पंख्याचे आणि ट्यूबलाइटचे पैसे दर महिन्याला सोसायटीत भरायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या पावत्या आहेत. कोणालाही येऊन बघता येतील.

नकाशा मी पाहिला. व्यायामशाळा आहे, पार्टी हॉल आहे, मुलांची खेळायची खोली आहे, गाड्यांसाठी तीन मजले आहेत. आत जायला कार्ड लागेल. घरकामाच्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट दाखवली आहे. चोवीस मजल्यांच्या इमारतीत शंभराहून जास्त बायका रोज कामाला येतील, आणि त्यांना दुपारी टेकायला एक चौरस फूट नाही. शौचालयही नाही. व्यायामशाळेला माझा विरोध नाही. मलाही गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय, मीही ती वापरेन. पण एवढ्या जागेतून एक खोली निघत नाही हे मला पटत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. खोलीचं कुलूप आजच काढावं. इमारत पाडायला अजून किमान आठ-दहा महिने आहेत, असं आपणच सभेत सांगितलंय. तोवर ती पूर्वीसारखी दुपारी एक ते चार चालू राहावी, शेजारच्या शौचालयासह. विजेचे पैसे मी भरेन.

२. नव्या इमारतीत तळमजल्यावर किमान दोनशे चौरस फुटांची खोली, पिण्याचं पाणी आणि लागून शौचालय, हे नकाशात यावं आणि विकासकाबरोबरच्या करारात लिहिलं जावं. तोंडी आश्वासन नको. करारात नसलेली गोष्ट ताबा घेताना कोणाला आठवत नाही, हे आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये आपण बघतो आहोत.

३. बांधकामाच्या तीन-चार वर्षांत आपण सगळे भाड्याच्या घरांमध्ये जाऊ, वाशी-सानपाडा-नेरूळला पांगू. त्या काळात जवळपास एखादी लहान जागा भाड्याने घ्यावी. विकासकाकडून आमच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एकरकमी कॉर्पस रकमेतून त्या भाड्याचा निम्मा भाग द्यायला मी आणि माझे दोघे भाऊ तयार आहोत. हे इथे लिहून देते.

४. पुनर्विकासाच्या सभांचं चित्रीकरण करायचं असतं, सहकार खात्याचे ४ जुलै २०१९चे निर्देश तसं सांगतात. जूनच्या सभेचं चित्रीकरण आणि इतिवृत्त सर्व सभासदांना द्यावं, आणि खोलीचा विषय विषयपत्रिकेवर रीतसर घेऊन पुन्हा मताला टाकावा. तेव्हा बहुमत विरोधात गेलं तर मी ते मान्य करेन आणि माझ्या घरापुरतं काय करायचं ते करेन.

५. आईच्या आठ वह्यांचा शोध समितीने घ्यावा. ज्यांनी गठ्ठा दिला त्यांना तो कोणी नेला हे माहीत असणार. सापडल्या नाहीत तर निदान त्या बायकांना समोर बसवून, झालं ते सांगून, त्यांची नावं आणि क्रमांक पुन्हा लिहून घ्यायला दोन सदस्यांनी मला मदत करावी.

६. प्रवेशद्वाराला आईचं नाव देऊ नये. ही माझी आणि दोन्ही भावांची लेखी विनंती समजावी. तुमच्या भावनेबद्दल आम्हाला आदर आहे. तिच्यावर तुमचं प्रेम होतं यात मला शंका नाही, शेवटच्या आजारात रात्री बाराला गाडी काढून तिला दवाखान्यात नेणारे आपले खजिनदारच होते. पण ज्या गेटवर तिच्या नावाखालून जाताना त्या बायकांना आत थांबायची परवानगी नसेल, त्या गेटवर तिचं नाव आम्हाला बघवणार नाही. तिच्या नावाचं काही हवंच असेल तर खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक खुंटी लावा. तिची काठी आणि चष्म्याचं घर अडकवायला तिला तेवढीच लागायची.

येत्या सभेसाठी हा विषय घ्यावा असा अर्ज सोबत जोडला आहे. त्यावर माझ्यासकट अकरा सभासदांच्या सह्या आहेत.

सध्या बायका माझ्या हॉलमध्ये बसतात. तिसरा मजला, आपल्याकडे लिफ्ट नाही. बहुतेकींना चढता येतं. एकीचे गुडघे गेलेत, ती १९९१पासून या इमारतीत काम करते. गेल्या मंगळवारी मी खाली पाणी द्यायला उतरले तर ती पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून डबा खात होती. मला बघून तिने डबा झाकला.

आपली,
सोसायटीची एक सभासद,
तिसरा मजला